मेकॅनिक येईपर्यंत

नागपुरात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एसी बंद पडला, की फोन लावतानाच घरातल्यांना पलीकडचं उत्तर ठाऊक असतं. ‘नंबर लावून ठेवतो, चार-पाच दिवस तरी लागतील.’ कधी पार्ट मिळत नाही, कधी पोरं गावाला गेलेली असतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ज्या आठवड्यात शहरातले एसी सगळ्यात जास्त राबतात, त्याच आठवड्यात ते सगळ्यात जास्त बिघडतात.

घरगुती एसीची क्षमता मोजताना बाहेरचं तापमान ३५ अंश सेल्सियस धरलेलं असतं. विदर्भातल्या मे महिन्याला हा आकडा सकाळी नऊ-दहाच्या सुमारासच मागे पडतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. खोलीतून खेचलेली उष्णता बाहेरच्या युनिटला ज्या हवेत सोडायची, तीच हवा अशी भाजत असेल तर कॉम्प्रेसरवर ताण येतो, त्याला सुरू करणारा कपॅसिटर उडतो आणि वर्षभर धूळ खाल्लेली कंडेन्सरची जाळी उरलासुरला वाराही अडवते. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, म्हणजे साधारण २५ मेपासूनचा नवतपा, या धंद्याचा सगळ्यात गर्दीचा काळ असतो. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबतात, तेही याच उन्हामुळे.

मग ते चार-पाच दिवस काढायचे कसे? भारताच्या २०१९च्या ‘कूलिंग ॲक्शन प्लॅन’मधल्या अंदाजानुसार त्या सुमारास देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता. उरलेली सगळी घरं उन्हाळा एसीवाचूनच काढत होती. या प्रश्नाची उत्तरं त्यामुळे जुनी आहेत, आणि त्यातली बरीचशी आजही लागू पडतात.

पहिलं उत्तर ऐकायला विचित्र वाटतं: एसीच्या खोलीतून बाहेर पडा. यंत्र थांबल्यावर बहुतेक घरांत तीच खोली सगळ्यात वाईट ठरते. गारवा निसटू नये म्हणून तिच्या खिडक्यांच्या फटी बुजवलेल्या असतात, वरचा झरोका प्लायवुडने बंद केलेला असतो आणि पुष्कळदा ती पश्चिमेकडची बेडरूमच असते. वर गच्ची असेल तर विचारायलाच नको. सकाळपासून तापलेल्या चार-पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबची उष्णता छताच्या आतल्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे दुपारच्या झोपेच्या वेळेपेक्षा संध्याकाळी सहा-सातला ही खोली जास्त जाळते. बाहेर ऊन उतरलेलं असतं, आणि छत मात्र मध्यरात्रीपर्यंत खाली आच फेकत राहतं.

घरभर एकच तापमान असतं हा समज एसीने रुजवला. एका लहानशा फ्लॅटमध्येसुद्धा दुपारी तीन वाजता पूर्वेची खोली आणि पश्चिमेची खोली यांतला फरक अंगाला जाणवतो, आणि खालच्या मजल्यावरचं घर तर वेगळ्याच गावातलं वाटतं. विदर्भातली जुनी माणसं दिवसभर घरात जागा बदलत. दुपारी अंधाऱ्या माजघरात, ऊन कललं की ओसरीवर, आणि रात्री अंगणात बाज टाकून. विणलेल्या बाजेला खालूनही वारा लागतो, गादीसारखी पाठ घामेजत नाही. ही शिस्त घराच्या रचनेशी बांधलेली होती. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात. ती आत पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि माणसं अंगणात निजलेली असतात. ‘जुनी घरं थंड असत’ हे विधान म्हणूनच अर्धंच खरं आहे. दिवसा ती थंड असत, आणि रात्री ती सोडून बाहेर निजण्याची सोय होती. अंगण आणि गच्ची दोन्ही गमावलेल्या फ्लॅटमध्ये नुसती जाड भिंत उभारली, तर ती ऐन झोपेच्या वेळी तापलेली असेल.

छपरांतही असाच विचार होता. मराठवाडा-सोलापूरकडे माळवद, खानदेश-वऱ्हाडात धाबं: लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पूर्व विदर्भात कवेलूचं उतरतं छप्पर, ज्याच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. उन्हाळा लागला की दारापुढे मांडव पडायचा. चार बल्ल्या, वर पऱ्हाट्या किंवा तुराट्या, नाहीतर गवत. भिंतीला ऊनच लागू द्यायचं नाही, एवढंच त्या मांडवाचं काम.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात ही रीत आजही पाहता येते. गांधीजी १९३६च्या उन्हाळ्यात शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. आदिनिवास, आणि मुळात मीराबेनसाठी बांधलेली बापू कुटी, दोन्ही माती, बांबू, लाकूड आणि कौलांच्या आहेत, आजूबाजूला मिळणाऱ्या सामानातून उभ्या राहिलेल्या. छपराच्या वळचणी खोल आहेत, बाजूंना पडव्या आहेत, त्यामुळे भर दुपारीसुद्धा ऊन भिंतीला थेट भिडत नाही. त्या काळी देशाच्या राजकारणाचा मोठा भाग या खोल्यांतून चालला, वर्ध्याच्या उन्हाळ्यातही. उन्हाच्या दिवसांत डोक्यावर ओल्या मातीची पट्टी घेतलेले गांधीजी अनेकांनी छायाचित्रांत पाहिले असतील. त्या पट्टीतही बाष्पीभवनाचं तत्त्व आहेच, त्याकडे पुढे येऊच.

आजच्या स्लॅबच्या घराला मातीचा थर देता येत नाही, पण चुना देता येतो. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली आणि नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३मध्ये उष्मा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला; पुढे नागपूरसह अनेक शहरांनी ती वाट धरली. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम निघाली, महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी बायकांना हाताशी धरून पत्र्याची घरं पांढरी केली. तेलंगणाने २०२३मध्ये ‘कूल रूफ’चं स्वतंत्र धोरणच आणलं. तत्त्व अगदी सरळ आहे. काळपट काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग गिळतं, तर ताजा पांढरा चुना त्याचा बराचसा भाग आकाशाकडे परत पाठवतो.

एसी बंद पडल्यावर करता येण्याजोगं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि ते एका सकाळी होतं. गच्ची झाडून घ्यायची, कालवलेल्या चुन्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉल घालायचा आणि पहाटे, स्लॅब थंड असताना, दोन हात मारायचे. चुना डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही आणि हातांना लागू द्यायचा नाही, चष्मा आणि हातमोजे हवेतच. पहिल्या पावसांत तो धुऊन जाऊ लागतो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. सोसायटीत गच्ची सामायिक असते, परवानगी कोणाची हा प्रश्न निघतो आणि तिथेच अनेकांचा विचार अडतो. खरं तर लाभ सगळ्यात जास्त वरच्या मजल्याला होत असला, तरी खर्च चुन्याच्या काही पोत्यांचा आहे. मार्चमधल्या सभेत हा विषय घ्यायला हवा आणि दरवर्षी घ्यायला हवा.

पाणी मारणं मात्र जपून. संध्याकाळी तापलेल्या स्लॅबवर बादल्या ओतल्या की वाफ उठते आणि थोडा वेळ बरं वाटतं. पण तेच पाणी ओल्या गोणपाटात धरून ठेवलं तर हळूहळू उडतं आणि प्रत्येक थेंबामागे कितीतरी जास्त उष्णता नेतं. ज्या शहरांत मे महिन्यात टँकर फिरतात, तिथे हा फरक महत्त्वाचा आहे.

छपरानंतर काच. पश्चिमेच्या उघड्या खिडकीवर दुपारी चार वाजता पडणारं ऊन दर चौरस मीटरला कित्येकशे वॅट उष्णता आत टाकतं. दीड-दोन चौरस मीटरची खिडकी म्हणजे खोलीत एक हीटर चालू ठेवल्याचा हिशेब. इथे बहुतेक घरं एक चूक करतात: पडदा आतून लावतात. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं. बांबूची चिक, हिरवी शेडनेट, जुनं धोतर, पुठ्ठा, काहीही चालेल, पण खिडकीबाहेर. शेडनेट काचेला चिकटवू नये. मध्ये वीतभर अंतर राहिलं तर तापलेली हवा तिथूनच वर निघून जाते.

खिडक्या उघडण्याची वेळ त्याहून मोलाची. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम झाली, की सगळं बंद करायचं. विदर्भात ही वेळ सकाळी आठ-साडेआठला येते. रात्री बाहेरची हवा निवळली, की सगळं सताड उघडायचं, समोरासमोरच्या खिडक्या आणि मधली दारंसुद्धा. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा थर्मामीटर बाहेर आणि आत ठेवला तर अंदाजाची गरजच उरत नाही. अडचणी खऱ्या आहेत. तळमजल्यावर चोरीची भीती, नाल्याकडच्या घरांत डास, रस्त्यालगत रात्रभर ट्रकचा आवाज. म्हणून लोखंडी गज आणि डासांची जाळी ही उष्णतेविरुद्धचीही साधनं समजायला हवीत. ती नसलेल्या घराला रात्रीची थंड हवा फुकट असूनही घेता येत नाही.

घरात उष्णता तयार करणाऱ्या गोष्टींकडेही पाहावं लागतं. गॅसची एक शेगडी मोठ्या आचेवर दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता देते आणि वर वाफही. वरण-भाताचा कुकर सकाळी सातच्या आत लावला, दुपारी ताक, कैरीचं पन्हं, काकडीची कोशिंबीर आणि सकाळच्याच पोळ्यांवर भागवलं, तर स्वयंपाकघर आणि स्वयंपाक करणारी बाई दोघांचीही सुटका होते. हा मुद्दा कोणत्याही सल्ल्याच्या यादीत शेवटी येतो. तो वर यायला हवा, कारण घरातला सगळ्यात तापलेला कोपरा तोच आणि तिथे उभं राहणारं माणूस बहुधा एकच. फ्रीजचं दार उघडं ठेवून गारवा येत नाही. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो, वर स्वतःच्या मोटारीची भर घालतो.

आणि पंखा? पंखा हवा थंड करत नाही, घाम उडवतो. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. खोलीची हवा त्याहून तापली की पंख्याचा वारा अंगावर उष्णता आणूही लागतो. घाम भरपूर येत असेल तोवर सौदा फायद्याचा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नये. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी आधीच येते. अशा वेळी अंगावर ओला पंचा, भिजवलेला बनियन किंवा ओले हात-पाय आणि मग पंखा, हे जोडीने केलं तर उपयोग होतो. तापलेल्या स्लॅबखालचा छताचा पंखा संध्याकाळी वरची गरम हवाच खाली ढकलतो. त्या तासाला टेबलफॅन खिडकीत ठेवून हवा बाहेर फेकणं जास्त शहाणपणाचं.

आता कूलर. वऱ्हाडात आणि नागपुरात कूलर हा गरिबाचा एसी आहे, असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. कोरड्या उन्हात तो एसीच्या तोडीचं काम करतो, त्यामागे पक्कं विज्ञान आहे. एक टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता खेचतो, तेवढी शोषायला सुमारे ५ लिटर पाण्याचं बाष्पीभवन पुरतं. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या फरकाचा चार-पंचमांश भाग कापतो आणि २८-२९ अंशांचा वारा देतो. एसीच्या विजेच्या एका लहानशा हिश्श्यात.

त्याचा इतिहासही लांबचा आहे. अबुल फजलच्या ‘आईने-अकबरी’त वाळ्याच्या, म्हणजे खसाच्या मुळ्यांवर पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांचं वर्णन येतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांच्या बंगल्यांतून लाकडी पेटीत हाताने फिरवायचा पंखा आणि बाजूंना खसाच्या ओल्या ताट्या असं यंत्र दिसू लागलं. त्याला त्यांनी ‘थर्मँटिडोट’ असं नाव दिलं होतं. पंखा फिरवणारे हात अर्थातच इथल्या मजुरांचे. आजच्या लोखंडी कूलरमध्ये त्या हातांची जागा मोटारीने आणि पखालीची जागा छोट्या पंपाने घेतली. दर एप्रिलमध्ये अकोला, अमरावती, चंद्रपूर, नागपूरच्या रस्त्यांवर ताट्या बदलून देणारे बसतात. लाकडाच्या तुसाची ताटी स्वस्त, वाळ्याची महाग आणि सुगंधी. महिनाभरात पाण्यातल्या क्षारांनी ताटी कडक झाली की तिच्यातून वारा जात नाही. एसीवर भिस्त ठेवून कूलर माळ्यावर टाकलेल्या घरांनी सगळ्यात आधी ती ताटी बदलावी.

कूलर लावण्याची रीत अनेक घरांत उलटी असते. एसीची सवय लागलेले लोक कूलर खोलीत ठेवतात आणि दारं-खिडक्या बंद करतात. अर्ध्या तासात खोली दमट होते, घाम सुकत नाही आणि दोष कूलरला दिला जातो. त्याने बाहेरची कोरडी हवा घेतली पाहिजे आणि ओली झालेली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत, आणि समोरची खिडकी उघडी.

दोन धोके ठळकपणे सांगायलाच हवेत. पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज एकत्र आल्याने दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत मृत्यूच्या बातम्या येतात. अनेकदा पाणी भरायला गेलेल्या बाईच्या किंवा खेळत आलेल्या लेकराच्या. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तीन पिनांची वायर, चालू अर्थिंग आणि घराच्या मुख्य बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर या गोष्टी कूलरच्या किमतीतच धरायला हव्यात. दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी केली की ते चक्र तुटतं.

हाच कूलर मुंबईत फसतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ओल्या फडक्यातला थर्मामीटर २९च्या वरच थांबतो. कूलर तिथे तापमान फार तर चार अंशांनी उतरवतो, आणि त्या बदल्यात घाम सुकण्याची उरलीसुरली संधीही घालवतो. हवामान खात्याचे निकषही म्हणूनच वेगळे आहेत: मैदानी भागात किमान ४० अंशांशिवाय उष्णतेची लाट जाहीर होत नाही, किनारपट्टीवर हा उंबरठा ३७चा आहे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत एसी बंद पडला तर ओले पडदे काढून टाकावेत, वाऱ्याला आरपार वाट द्यावी, अंगावर थेट पंखा घ्यावा आणि कपडे घरात वाळत घालू नयेत. विदर्भातही मृगाचे ढग आले, की कूलरची मिजास उतरते आणि हेच नियम लागू होतात.

या सगळ्या उपायांपलीकडे एक गोष्ट आहे आणि ती जिवाची आहे. जुलै १९९५मध्ये शिकागोत आलेल्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली. अभ्यासकांनी नंतर घरोघरचा शोध घेतला, तेव्हा एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली आणि वरच्या मजल्यावरची माणसं सर्वांत जास्त धोक्यात असल्याचं दिसलं. ज्यांच्याकडे कोणी येत-जात होतं, ती वाचण्याची शक्यता जास्त होती. आपल्याकडेही मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि वरच्या मजल्यावर आजी-आजोबा, अशी घरं शहरोशहरी आहेत. त्यांचा एसी बंद असेल तर दुपारी बारा ते सहा त्यांना शेजारच्या गार घरात नेऊन बसवणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, आणि त्याला संकोच आडवा येता कामा नये. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आधीच बोलावं. माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून फणफणलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा. तेव्हा १०८ला फोन करायचा, अंगावर पाणी ओतून पंखा लावायचा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस काहीही घालायचं नाही.

आणि मग एका दुपारी मेकॅनिक येतो. आयटीआयचा कोर्स केलेला किंवा हाताखाली काम करून शिकलेला एखादा तरुण, पाठीवर सिलिंडर आणि खांद्यावर पिशवी. ‘गॅस कमी झालाय’ असं तो म्हणाला, तर गळती कुठे आहे हे शोधायला सांगावं. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटला, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस पुढच्या मे महिन्याआधीच उडून जाईल. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसांपैकी आर-२९० म्हणजे प्रोपेन, सहज पेट घेणारा. आर-३२ही कमी प्रमाणात ज्वलनशील आहे. युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव वाचून घेणं त्या तरुणाच्या सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे.

त्याला दुपारी दोनची वेळ देऊ नये. बाहेरचं युनिट बहुधा पश्चिमेच्या भिंतीवर, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या कठड्यापलीकडे टांगलेलं असतं आणि तो पत्रा हात लावू देत नाही. सकाळी सातची वेळ द्यावी, नाहीतर संध्याकाळची. दोर आणि पट्टा बांधल्याशिवाय त्याला कठड्यावर उतरू देऊ नये, उशीर झाला तरी. नवीन एसी बसवताना बाहेरचं युनिट हात पोहोचेल अशा ठिकाणी, सावलीत आणि मागे वारा खेळेल असं घ्यावं; बिल्डरने ठेवलेली जागा तशी नसेल तर थोडी जास्त नळी टाकून घ्यावी. त्यामुळे यंत्रावरचा ताण कमी होतो, आणि पुढच्या वेळी दुरुस्तीला येणाऱ्याला जीव टांगणीला लावावा लागत नाही.